नाव घातलेल्या थाळ्या

माझी बायको गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्याविषयी लिहायचं तर आजारापासून सुरुवात करावीशी वाटत नाही. आजार सोळा दिवस होता, आणि ती माझ्याबरोबर अठ्ठावीस वर्षं होती. म्हणून थाळ्यांपासून सुरुवात करतो.

छत्तीसगढचं नवं राज्य होऊन रायपूर राजधानी झालं, त्यानंतरचे ते दिवस. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. मासिकं चाळताना कात्रणं काढायची मला सवय होती, आणि त्यातही एकाच विषयाची: जगात कुठे कोणी अडचणीवर काय युक्ती काढली. कोरड्या डोंगरांवर जाळ्या ताणून धुक्यातून पाणी धरणारी माणसं, पुराच्या मुलखात नावेवर भरणारी शाळा, टाकाऊ बाटल्यांत माती ठासून उभारलेल्या भिंती. ही कात्रणं मी फायलीत लावायचो आणि जेवताना बायकोला वाचून दाखवायचो. ती अमरावतीकडची. चार वेळा ऐकून घ्यायची, पाचव्यांदा बोलायची.

"तुमच्या फायलीत सारं जग सुधरून राहिलं, अन् आपल्या तळ्यात थर्माकोल तरंगून राहिला. त्याचं काहून नाही कात्रण निघत?"

तळं आमच्या घरामागेच होतं, आणि त्याच्या काठावर सामुदायिक भवन. पूर्वी तिथल्या पंगती पत्रावळींवर उठत. उष्ट्या पत्रावळी गायी खाऊन टाकत, उरलेल्या कुजून जात. राजधानी झाल्यावर शहरात माणसं वाढली, लग्नं मोठी झाली आणि पत्रावळीची जागा थर्माकोलच्या थाळीनं घेतली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाऱ्यानं अर्धं तळं पांढरं झालेलं असे. घाटावर आंघोळीला आलेल्या बायका हातानं थाळ्या बाजूला सारून पाण्यात उतरत.

त्या बायकांमध्ये तळ्याकाठच्या पाऱ्यातली, म्हणजे तिथल्या वस्तीतली, एक छत्तीसगढी भाजीवाली होती. तिची आणि माझ्या बायकोची चांगली गट्टी. दोघी एकमेकींना दीदी म्हणायच्या. एका दुपारी त्या दोघींनी मिळून आमच्या माळ्यावरच्या स्टीलच्या थाळ्या खाली काढल्या, आणि मग बायको ओळखीच्या मराठी घरांत फिरून आली. कोणी दोन दिल्या, कोणी पाच. चाळीस जमल्या. एक ताट मोठं, एक लहान, आणि बहुतेकांवर नावं घातलेली: कुणाच्या लग्नात मामाकडून, कुणाच्या मुंजीत आत्याकडून. नियम साधा होता. ज्याच्या घरी कार्य असेल त्यानं न्याव्यात, फुकट, आणि धुऊन परत आणाव्यात.

लोक नेऊ लागले. पंगतीत थाळीवरचं नाव मोठ्यानं वाचून हसायची पद्धतच पडली. "अरे, मैं तो किसी के मामा की थाली में खा रहा हूँ!" पण चाळीसनं लग्न भागत नाही, उरलेल्यांना थर्माकोल लागायचाच. एकसारख्या शंभर-सव्वाशे थाळ्या घ्यायच्या असं तिनं ठरवलं होतं. ते राहून गेलं.

तिच्या तेराव्याला नातेवाइकांना तिच्या नावाच्या वाट्या वाटायच्या असं घरच्यांनी सुचवलं. आमच्याकडे तशी चाल आहे. मी म्हटलं, वाट्या नकोत. गोलबाजारातून एकशे वीस थाळ्या आणल्या आणि दुकानदाराच्या विजेच्या पेनानं प्रत्येकीच्या मधोमध नाव घालून घेतलं: "कै. सौ." म्हणून तिचं नाव, आणि खाली "यांच्या स्मृत्यर्थ". दुकानदार दोन दिवस ते काम करत होता. मी शेजारी स्टुलावर बसून एकेका अक्षराची वेलांटी तपासली. त्या दोन दिवसांत मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

थाळ्यांची पहिली पंगत तिच्याच तेराव्याची झाली. पुढच्या महिन्यात पाऱ्यातले एक म्हातारे वारले, त्यांच्या घरच्यांनी नेल्या. मग आणखी एका घरी, तेही तेरावंच. मला समाधान वाटे. हिंदी बोलणारे कोणी "ये 'कै.' क्या है बाबूजी?" विचारत, तर मी ग्रंथपालाच्या चोखपणानं कैलासवासी म्हणजे काय ते समजावून सांगे. ज्यांच्या ते लक्षात आलं नसतं त्यांच्याही ते मीच लक्षात आणून दिलं.

मग लग्नसराई आली आणि आमच्या दारात एकही माणूस आला नाही. जुन्या चाळीस थाळ्याही कोणी मागेना, कारण त्याही त्याच पंगतींना जाऊन आल्या होत्या. भवनात एकामागून एक चार लग्नं लागली. चौथ्या लग्नानंतर मी सकाळी घाटावर गेलो, तर तळं पुन्हा पांढरं. तिनं हाताला धरून उभी केलेली गोष्ट वर्षाच्या आत माझ्याच हातून मोडत होती, आणि का मोडते आहे ते मला कळत नव्हतं.

कळलं ते भाजीवालीकडून. ती दारात टोपली उतरवून बसली.

"बाबूजी, बुरा मत मानना. दुल्हन खीर खाही, अउ खीर के नीचे ले दीदी के नाव निकलही, त ओकर मुंह में कौर कइसे जाही?"

"पण तिला तर सगळे मानायचे," मी म्हटलं.

"मानथें, तभे तो डरथें. सब झन कहिथें, ये तो तेरही के थारी आय."

तेराव्याच्या थाळ्या. मी आत निघून गेलो. तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. पुढचे काही दिवस मी चिडलेलाच होतो, पाऱ्यावर, अंधश्रद्धेवर, सगळ्या शहरावर. माझी मुलगी भिलाईहून आली तेव्हा तिच्यासमोर मी लांबलचक भाषण केलं. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं.

"बाबा, आई ने कभी अपने किसी बर्तन पर नाम डलवाया?"

मी आठवून पाहिलं. माहेराहून आलेली सोडली तर आमच्या घरातल्या एकाही भांड्यावर नाव नव्हतं.

"मैंने पूछा था एक बार. बोलीं, नाव टाकलं की भांडं वापस येते, पण नेणारी बाई लाजते. आप ही सोचो."

विचार करण्यासारखं फारसं नव्हतं. तिचं नाव थाळीवर ठेवलं तर थाळ्या माझ्या कपाटात राहणार. मी ते नाव तिच्यासाठी घातलं नव्हतं, माझ्यासाठी घातलं होतं. हे मान्य करायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी भाजीवालीच्या घरी गेलो आणि आधी त्या दिवसाबद्दल माफी मागितली.

"चलथे, चलथे," ती म्हणाली. "अब बता, का करना हे?"

तिचा थोरला जावई भनपुरीला भांड्यांच्या पॉलिशच्या कारखान्यात कामाला होता. रविवारी आम्ही रिक्षात नव्या थाळ्यांची पोती घालून तिथे गेलो. जावयानं पहिली थाळी फिरत्या चाकापाशी धरली आणि मला विचारलं, "पूरा मिटाना है ना बाबूजी? बाद में वापस नहीं आएगा."

"हव," मी म्हटलं. "पूरा."

चाकानं आधी "स्मृत्यर्थ" गेलं. मग आडनाव, मग तिचं नाव. अक्षरं इतकी उथळ होती की एकेका थाळीला मिनिटही लागलं नाही. पहिल्या दहाएक थाळ्या मी पाहिल्या. नंतर पाहायचं सोडून पुसायला बसलो, कारण थाळ्या काळ्या मेणानं माखून येत होत्या आणि पुसणारा माणूस कमी होता.

नाव गेलं, तरी थाळ्या त्याच, हे अख्ख्या पाऱ्याला माहीत होतं. त्यावरची युक्ती मात्र माझ्या कुठल्याच फायलीत नव्हती. ती भाजीवालीनं काढली. तिच्या धाकट्या मुलीला त्याच आठवड्यात मुलगा झाला होता. छत्तीसगढी घरांत बाळाच्या सहाव्या दिवसाची छट्ठी मोठी असते. सगळ्या पाऱ्याला जेवण.

"छट्ठी एही थारी में होही," तिनं जाहीर केलं. "जेमा मोर नाती के छट्ठी होगे, ओला कोन असुभ कहिही?" नातवाची छट्ठी ज्या थाळ्यांत झाली त्यांना अशुभ कोण म्हणणार, असा तिचा हिशेब होता.

तिच्या विहीणबाईंना हे पटलं नव्हतं. अंगणात दोघींची चांगलीच जुंपली. विहीण म्हणाली, "तोर मति मारे गे हे का?" भाजीवाली म्हणाली, "मोर नाती, मोर अंगना, मोर थारी. तोला पान के दोना में खाना हे त दोना में खा!" ज्या घरात असा वाद चालू आहे तिथे मी कशाला उभा आहे असं मला झालं, आणि मी हळूच मागे सरकलो. तिनं मला हाक मारून परत बोलावलं आणि पंगतीत पहिल्या जागेवर बसवलं. पहिली थाळी बाळंतिणीला वाढली, दुसरी मला. तिसरी विहीणबाईंसमोर ठेवली. त्यांनी थाळी उचलून उन्हाकडे वळवून पाहिली, पालथी करून पाहिली, मग खाली ठेवून म्हणाल्या, "भात ला."

लोक बसले. वरण-भात, डाळीच्या बडीची भाजी, टमाटरची चटणी. थाळ्या खणखणत राहिल्या. त्या दुपारी धुतलेल्या थाळ्या घाटाच्या पायऱ्यांवर उन्हात वाळत ठेवल्या होत्या, आणि पाण्यावर शेवाळ आणि बदकं सोडून काही नव्हतं.

छट्ठीला आलेल्यांपैकी एका घरी पुढच्या महिन्यात लग्न होतं. त्यांनी नेल्या. तिथून बातमी शहराच्या टोकाच्या बीरगांवपर्यंत गेली. जगभरच्या युक्त्या मी आयुष्यभर वाचत आलो, पण कुठलीही युक्ती शेवटी कुणाच्या तरी अंगणात भांडून बसवावी लागते, हे कात्रणांत नसतं. आता मला ते पक्कं ठाऊक आहे.

एका सकाळी बीरगांवहून एक अनोळखी गृहस्थ टेम्पो घेऊन दारात आले. मुलीचं लग्न होतं.

"थाली यहीं मिलती है?"

"हव."

त्यांनी एक थाळी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. "नाम नहीं है किसी का. किसकी तरफ से हैं?"

"जो ले जाए, उसकी," मी म्हटलं. "धोकर लौटाइए. और गिलास हमारे पास कम हैं, वो आपको देखना पड़ेगा."

ते म्हणाले ग्लास मेहुण्याकडे आहेत, आणि आम्ही दोघं मिळून पोती टेम्पोत चढवू लागलो.