क्रेसेनची बोली

क्रेसेनच्या तोंडून तिची फेरिंग बोली काही केल्या निघेना. उत्तर जर्मनीतल्या फ्योर बेटावर जन्म, तिथंच म्हातारपण, आणि ऐन वेळी वाचाच बसावी? काय म्हणावं या कर्माला!

कीलच्या विद्यापीठात बोलींचा अभ्यास करणारी वीब्के समोर रेकॉर्डर ठेवून बसली होती. तिला एकच क्रियापद हवं होतं, ‘असणे’.

“आजी, हे क्रियापद म्हणजे शब्दांच्या तीन जुन्या कुळांचा एकत्र संसार आहे,” ती म्हणाली. “‘आहे’ एका कुळातलं, ‘आहेस’ दुसऱ्यातलं, ‘होता’ तिसऱ्यातलं. जर्मन, डच, इंग्रजी, सगळ्यांकडे हीच खिचडी. तुमची पुस्तकात वाचलीय, आता तोंडून ऐकायचीय.”

क्रेसेननं तोंड उघडलं. जर्मन आली. पुन्हा उघडलं, पुन्हा जर्मनच. अहो, येणारच! परक्या माणसासमोर त्याला कळेल तेच बोलायचं, ही बेटाची रीत. सत्तर वर्षं मुरलेली रीत एका सकाळी थोडीच सुटते? पण क्रेसेनच्या मनात भलतंच आलं. नवरा, ब्रार, गेल्यापासून घरात ही बोली बोलायला कोणी उरलं नव्हतं. त्याच्याबरोबर तीही पुरली की काय आपण?

तेवढ्यात शेजारची गोंडेल दार ढकलून आत घुसली.

“क्रेसेन! आहेस का मेलीस? तुझी मेंढरं माझ्या कोबीत आहेत!”

“तुझं कुंपण कधी धड होतं गं?”

“ब्रार होता तेव्हा मेंढरं जागेवर होती!”

“डोंबलाची जागेवर! तेव्हाही ती तुझ्याच कोबीत होती. तो बिचारा गुपचूप हाकलून आणायचा!”

गोंडेलला हसू फुटलं. मग तिला पाहुणी दिसली. “बस हो पोरी, बस,” ती लगेच जर्मनमध्ये म्हणाली आणि मेंढरं हाकलायला गेली.

वीब्केचे डोळे चमकत होते. “आजी, सगळं मिळालं!”

“काय मिळालं?”

“तुम्ही फेरिंगमध्येच भांडत होता की! ‘आहेस’, ‘आहेत’, ‘होता’, तिन्ही कुळं आली!”

क्रेसेन मटकन खुर्चीत बसली. “अगं बाई! आहे तर!” छातीवरची धोंड उतरल्यासारखी ती हसत सुटली.

वीब्के गेल्यावर ती ब्रारच्या फोटोसमोर उभी राहिली. तो गेल्यापासून दोन वर्षं त्या फोटोपुढे तिनं तोंड उघडलं नव्हतं. “मला एकटीला टाकून गेलास ना, मेल्या?” इथून सुरुवात करून तिनं त्याला पोटभर शिव्या घातल्या, फेरिंगमध्ये. एकही शब्द अडला नाही.