सगळ्यांचा श्वास अठरा

दिवाकर गेल्याचा फोन आला तेव्हा तो होता त्याच इस्पितळासमोरच्या टपरीवर मी समोसा खात होतो. त्याला कॅज्युअल्टीत एकटा सोडून. महिना उलटला, पण तळणीचा वास आला की मी अजून रस्ता बदलतो...

प्लांटच्या पंप हाऊसमध्ये आम्ही वीस वर्षं एका शिफ्टमध्ये काढली. दर तासाला जिना चढून मीटर बघायचा आणि पाण्याचं प्रेशर लॉगबुकात लिहायचं, एवढंच काम. मी जिना न चढता आधीच्या तासाचाच आकडा खाली उतरवायचो. बहुतेक सगळेच तसं करायचे. दिवाकर मात्र वर जायचा, मीटरच्या काचेवर टिचकी मारायचा आणि मगच लिहायचा. एकदा माझं पान पाहून भडकला. "मीटर पायला का बे तू? नाही ना? मंग हे कोनाचं प्रेशर लिवलं, तुह्या बापाचं?" त्याने मला तिथल्या तिथे जिना चढायला लावलं. माघारी मी त्याला खडूस म्हणायचो.

निमित्त झालं लघवीच्या इन्फेक्शनचं. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी सकाळी तो असंबद्ध बोलायला लागला. मुलगा पुण्याला, वहिनींना चालवत नाही, म्हणून मीच त्याला सेक्टर दोनमधल्या क्वार्टरवरून ऑटोत घालून कॅज्युअल्टीत नेलं. तिथे प्रत्येक खाटेला कागद लटकवलेला. ताप वेगवेगळा, बीपी वेगळं, पण श्वासाच्या रकान्यात सगळ्यांचे मिनिटाला अठरा. तापाने फणफणलेल्या म्हातारीचे अठरा, पाय मोडलेल्या पोराचेही अठरा! दिवाकरची छाती भात्यासारखी हलत होती. मी घड्याळ लावून मोजलं, चौतीस भरले. सिस्टरला सांगितलं तर ती म्हणाली, "अंकल, अठारह लिखा तो है. बुखार में घबराहट होती है. आप चाय पीकर आइए."

आणि मी गेलो. स्वतःच्या डोळ्यांनी मोजलेलं सोडून मी कागदावर विश्वास ठेवला.

नंतर डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन रक्तात पसरलं की पेशंट अचानक ढासळतो. अचानक कसला? श्वास, बीपी आणि शुद्ध नीट पाहिली तर कोण ढासळणार ते आधी ओळखता येतं, हेही त्यांनीच सांगितलं. तिथल्या भिंतींवर गुटख्याच्या पिचकाऱ्या होत्या, त्यांचं मला काही वाटलं नाही. किळस आली ती सुबक अक्षरात लिहिलेल्या त्या अठरांची. ते अक्षर मला फार ओळखीचं वाटलं.

परवा क्वार्टरवर गेलो होतो. व्हरांड्यात त्याची वेताची खुर्ची तशीच आहे, वहिनी तिच्यावर कुणाला बसू देत नाहीत. त्यांनी विचारलं, "भाऊजी, तुमी जवळ होते ना... यायले दम लागला होता का जी?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. "श्वास अगदी बरोबर चालू होता."

त्यांनी पदराने डोळे पुसले. "तुमी होते म्हनून बरं झालं," म्हणाल्या आणि त्याची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मी बसलो.