ताईच्या मापाची सायकल

फोन कुंडमहून आला. ताईच्या कचेरीतल्या तिवारीबाई बोलत होत्या, म्हणजे बोलायचा प्रयत्न करत होत्या. "भैया, आप जल्दी आ जाइए... दीदी कुर्सी से उठ नहीं रहीं." मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. दुपारी डबा उघडून ती जेवायला बसली, दोन घास खाल्ले, पाणी प्यायली, डोकं दुखतंय म्हणाली आणि मान मागे टेकवली. डॉक्टरांनी मेंदूतली रक्तवाहिनी फुटल्याचं सांगितलं. विशाखाताई एक्कावन्न वर्षांची होती. तो बुधवार होता, म्हणजे त्या दिवशी ती बसनं गेली होती. हे बसचं मी मुद्दाम लिहितोय. कारण आज सहा आठवडे झाले तरी घरी भेटायला येणारा दर दुसरा माणूस चप्पल काढता काढता विचारतो, "सायकलवरून पडल्या का?" नाही, पडली नाही. सहा वर्षांत एकदाही पडली नाही. मग तो माणूस जरासा हिरमुसतो, आणि "तरी या वयात बाईनं एवढं..." म्हणून गप्प होतो. सुरुवातीला मीही गप्प राहायचो. आता विचारतो, "एवढं काय?" कुणी वाक्य पुरं करत नाही.

तर ते वाक्य मीच पुरं करतो. या वयात बाईनं एवढं उंच असू नये, असं त्यांना म्हणायचं असतं. सायकल हे निमित्त आहे. ताई सहा फूट होती. मी, तिचा धाकटा भाऊ, पाच फूट चार इंच. बाबा भंडाऱ्याकडचे, कारखान्यातल्या नोकरीसाठी जबलपूरला आलेले. पुढे राज्यं वेगळी झाली, मराठी मुलूख नकाशात पलीकडे गेला आणि आम्ही घमापुरातल्या दोन खोल्यांत इथलेच होऊन राहिलो. दहावीत ताई बाबांच्या बरोबरीला आली, बारावीत त्यांच्या वर गेली. आईला याची काळजी नव्हती, भीती होती. "एवढी ताठ काहून चालून राहिली? मान खाली घाल जराशी," हे मी दिवसातून चार वेळा ऐकत वाढलो. मुलगी बघायला पाहुणे आले की आई तिला आधीच चटईवर बसवून ठेवायची. नागपूरची एक मंडळी आली होती. माणसं चांगली, मुलगा हसरा, सगळं जमत आलं होतं. मग ताई कपांचा ट्रे उचलायला उभी राहिली. मुलाच्या आईंनी तिच्याकडे खालून वरपर्यंत बघितलं आणि पदर सावरून म्हणाल्या, "कळवतो." त्यांनी कळवलं नाही. पुढची मंडळी आली तेव्हा ताई आईचं न ऐकता दारातच जाऊन उभी राहिली, पूर्ण सहा फूट, आणि हात जोडून म्हणाली, "आधी बघून घ्या. मग चहा ठेवतो." त्यांनी चहाही घेतला नाही. त्यानंतर तिनं स्वतःच हा कार्यक्रम बंद केला.

नोकरी लागली ती तहसील कचेरीत, लिपिकाची. पुढे बदली झाली कुंडमला. तोवर आम्ही अधारतालला राहायला आलो होतो. घरापासून कुंडम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, आणि बसमध्ये तिचे गुडघे पुढच्या सीटच्या पाठीला टेकलेले, जाताना आणि येताना, वर्षानुवर्षं. बाजारहाटासाठी एक लेडीज सायकल होती, तिच्यावर तर गुडघे हँडलला लागायचे म्हणून ती पाय फाकवून चालवायची आणि गल्लीतली पोरं हसायची. चाळिशी उलटली आणि गुडघे रात्रंदिवस दुखायला लागले. डॉक्टर म्हणाले, सायकल बंद करा. ताईनं विचारलं, "डॉक्टरसाहब, सायकल बंद करूँ या ये वाली सायकल बंद करूँ?" त्यांना प्रश्न कळला नाही. तिला मात्र कळला होता. घरी येऊन ती मोबाइलवर काही काही वाचत बसली, आणि आठवडाभरानं जाहीर केलं की ती रोड बाइक घेणार आहे. पातळ टायरची, खाली वळलेल्या हँडलची. तिच्या मापाची. आणि तिच्यावरून कुंडमला जाणार आहे.

एका रविवारी तिनं मला हाक मारली. मी शाळेत भूगोल शिकवतो, तेव्हा माझा जाड पुठ्ठ्याचा अ‍ॅटलास तिनं आधीच ताब्यात घेतला होता. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभी. अ‍ॅटलास दोन्ही पायांच्या मधून घट्ट वर ओढून धरलेला, जणू सीटवर बसली आहे. मी टेप घेऊन जमिनीपासून अ‍ॅटलासच्या वरच्या कडेपर्यंत माप घ्यायचं. "नीट धर मिलिंद, टेप वाकडा होऊन राहिला." तेवढ्यात आई आत आली.

"हे काय चालून राहिलं तुमचं?"

"माप घेऊन राहिलो आई," मी म्हणालो.

"सलवारीचं?"

"सायकलचं."

आई म्हणाली, "सायकल जशी भेटते तशी घ्यावी लागते. तिचं माप कोणी काढते का?" ताई अ‍ॅटलास न सोडता म्हणाली, "आजपर्यंत जशी भेटली तशीच घेतली ना. गुडघे पाह्य माहे." माप एकोणनव्वद सेंटीमीटर भरलं. आई कपाळाला हात लावून स्वयंपाकघरात गेली.

मग आम्ही शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. विक्रेत्यानं आधी मला विचारलं, कुणासाठी. ताई म्हणाली, मेरे लिए. "लेडीज सेक्शन उधर है, दीदी." तिनं रोड बाइकच हवी म्हटल्यावर त्यानं एक मधल्या मापाची लाल सायकल पुढे आणली आणि ताईची उंची बघून सीटचा दांडा वर ओढत गेला, ओढत गेला... दांड्यावर एक रेघ कोरलेली होती, ती बाहेर आली तरी थांबला नाही. ताईनं बोट ठेवलं. "भैया, ये लाइन किसलिए है?" "वो कंपनी ऐसे ही डाल देती है." ती वाकून वाचत होती. "लिखा है, इसके ऊपर मत खींचिए. मेरे वज़न से डंडा टूट जाएगा ना." तो हसला. "अरे दीदी, एडजस्ट हो जाएगा." दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं होती. ताई ताठ उभी राहिली आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पैंतालीस साल से एडजस्ट ही हो रही हूँ, भैया. अब सायकल को होने दो."

विक्रेता चिडला, पण माणूस हट्टी होता. गोदामात गेला आणि असतील त्यातली सगळ्यात मोठी काढून आणली. ताई बसली. पाय बरोबर पोचले, गुडघे मोकळे. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, मी तर सगळ्यात मोठा. तिनं दुकानासमोर एक चक्कर मारली, दुसरी मारली आणि उतरून सायकल परत दिली. "पाय बसले. हात नाही बसले. हँडल लय दूर आहे, मान ओढली जाते." दुपारचा दीड वाजला होता, मला भूक लागली होती, आणि मी ते म्हणालो जे आजही माझ्या कानात आहे. "ताई, सगळ्यात मोठी आहे ही. आता तुझ्यासाठी वेगळी सायकल कोण बनवणार?" तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. "तू पण?" एवढंच म्हणाली. चटईवर बसवून ठेवणाऱ्या माणसांच्या रांगेत मी कधी जाऊन उभा राहिलो, मला कळलंच नव्हतं.

दुसऱ्या ठिकाणी ती मला न सांगता गेली. अधारतालच्या मेन रोडवर सलीमभाईंचं दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. साठीचे गृहस्थ, तरुणपणी शर्यतीच्या सायकली जुळवायचे. त्यांनी ताईला आधी उभं केलं, मग स्टुलावर बसवून माप घेतलं, मग हात पुढे करायला सांगून खांद्यापासून मुठीपर्यंत घेतलं. आणि म्हणाले, "बाजी, आपका सारा क़द टाँगों में है. धड़ तो औसत है. लोग क़द देखकर सबसे बड़ी गाड़ी थमा देते हैं, धड़ कोई नहीं देखता." त्यांचं म्हणणं सरळ होतं, उंची सगळी पायांत आहे, धड सरासरीच. फ्रेम सगळ्यात मोठी नको, तिच्याहून एक-दोन मापं खालची हवी, पण पुढून उंच असलेली. सीट तिच्या पायांप्रमाणे वर, आणि हँडलला धरणारा पुढचा तुकडा आखूड, म्हणजे हँडल जवळ येईल. ही फ्रेम जबलपूरमध्ये नव्हती. ती मागवायला दीड महिना लागला. फ्रेम आली त्या दिवशी ताईनं घरी येऊन मला हे सगळं सांगितलं, "तू पण"चा उल्लेख न करता. तेव्हा मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे. शनिवारी चाल माह्यासंग. टेप तू धर."

त्या शनिवारी सलीमभाईंनी सायकल स्टँडवर अडकवून ताईला तिच्यावर बसवलं आणि दोन तास घेतले. टाच पॅडलवर ठेवा, खालपर्यंत न्या, पाय सरळ झाला पाहिजे. आता चवडा ठेवा, गुडघा किंचित वाकला पाहिजे. सीट नखभर वर, नखभर खाली, थोडी मागे. मग म्हणाले, "अब आँखें बंद कीजिए, और हाथ जहाँ जाते हैं, जाने दीजिए." ताईनं डोळे मिटले आणि हात सोडले. ते आपोआप ब्रेकच्या मुठींवर जाऊन टेकले. कोपर मोकळे, मान सैल. ती तशीच बसून राहिली, डोळे मिटून, आणि हसायला लागली. मला वाटलं रडते की काय. "मिलिंद," ती म्हणाली, "कुठीच दुखून नाही राहिलं."

सोमवारी ती निघाली. मी स्कूटरवर मागे. चढावर ती सीटवरून उठून पॅडल मारायची तेव्हा मागून खूप उंच दिसायची, आणि मला पहिल्यांदा वाटलं, दिसू दे. एका चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "मैडम, कहाँ की रेस है?" ती न थांबता म्हणाली, "दफ़्तर की." सव्वादोन तासांत कचेरीच्या फाटकाशी उतरली, ओढणी नीट केली, आणि दहाच्या आत सही करून खुर्चीवर. मग हे ठरूनच गेलं. सोमवारी सायकलनं जायचं, सायकल तिथेच ठेवायची, आठवडाभर बस, शुक्रवारी सायकलनं परत. गुडघे तीन महिन्यांत शांत झाले. आईचा अबोला त्याहून जास्त टिकला. पण शुक्रवारी संध्याकाळी ती दारातली खुर्ची रस्त्याकडे वळवून बसायला लागली, आणि विचारलं तर म्हणायची, "घरात गरम होऊन राहिलं."

आता आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ताई गेल्यावर तिची सायकल मी कुंडमच्या कचेरीतून आणून समोरच्या खोलीत ठेवली. ताईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या आदल्या दिवशी काका म्हणाले, ती सायकल समोरच्या खोलीतून काढा, चार लोक येतील, उगाच चर्चा. मी नाही म्हणालो. काकांशी आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणालो. चार लोक आले आणि त्यांनी चर्चा केली, करू दे. त्यानंतर आठवड्यानं काकांचे जावई आले. भला माणूस, पोट सुटलंय, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय. सायकल पडूनच आहे तर घेऊन जातो म्हणाले. ते माझ्याएवढेच उंच. त्यांनी खिशातून पाना काढला आणि सीटच्या बोल्टला लावला.

खाटेवरून आईचा आवाज आला. "काय करून राहिले?"

"काही नाही काकू, सीट जराशी खाली घेतो. पाय नाही पोचत."

आई भिंत धरून उठली, सावकाश चालत आली आणि त्यांच्या पान्यावर हात ठेवला. मी तिला कधी कुणा पाहुण्याचा हात अडवताना बघितलं नव्हतं.

"माह्या पोरीच्या मापाची आहे ते. नखभर खाली नाही जायची. ज्याले चालवायची असन, त्यानं तेवढं उंच होऊन यावं."

जावयांनी पाना खिशात ठेवला. आईनं त्यांना बसायला सांगितलं, मला चहा ठेवायला सांगितलं, आणि स्वतः खुर्ची ओढून सायकलशेजारी बसली.