एका हाताची ढोलकी

एका हाताने टाळी वाजत नाही, असं म्हणणाऱ्याने सिल्व्हर पार्कमधली आत्माराम तोडणकरची मागची खोली पाहिलेली नसावी. तिथे एका हाताने ढोलकी वाजते आणि ऐकणाऱ्याला दोन्ही हात ऐकू येतात.

आत्मारामचं सगळं आयुष्य लालबागला गेलं. दिवसा औषधांच्या गोदामात नोकरी आणि संध्याकाळी वाद्यवृंदात ढोलकी. शेजारी तबल्यावर पंढरीनाथ. दोघांची गट्टी अशी, की एकाला शिंक आली तर दुसऱ्याने ताल सांभाळायचा. निवृत्त झाल्यावर आत्मारामने मीरा रोडला सिल्व्हर पार्कमधला हा फ्लॅट घेतला, आणि सामान लागतं न लागतं तोच अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पाय हळूहळू चालता झाला. उजवा हात मात्र गेला. खाली ठेवलेली वस्तू दाबून धरण्यापुरता उरला, एवढंच.

हे त्याने कुणाला कळू दिलं नाही. नातेवाइकांना 'जरा बीपी वाढलं होतं' म्हणून सांगितलं. पंढरीनाथला तेही नाही. त्याचा फोन आला की 'नंतर करतो', आणि ते नंतर कधी उगवलंच नाही. नव्या घराचा पत्तासुद्धा त्याला दिला नाही. वाजवणाऱ्याचा हात गेला की बाकीचे वाजवणारे त्याच्याकडे कसे बघतात, हे आत्मारामला ठाऊक होतं, कारण तोही आजवर तसाच बघत आला होता. त्या नजरेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची.

मुलगा नीरज बंगळुरूला जाण्याआधी मागच्या खोलीत माइक आणि लॅपटॉप मांडून गेला, बापाचा वेळ जावा म्हणून. भिंतीला उभी गादी, खिडकीला दोन गोधड्या, आणि बायकोच्या, नीलिमाच्या, साड्यांचं कपाट सताड उघडं, म्हणजे आवाज भिंतींवर आपटत नाही. हाताने वाजवायच्या वाद्याची गंमत अशी, की बोटं कातड्यावरून सरकतात तोही आवाज माइकला हवा असतो. पण मग त्याबरोबर पंखा आणि शेजारचा मिक्सरही येतो. म्हणून रेकॉर्डिंगला फ्रिजसुद्धा बंद. तो परत चालू करायची आठवण राहावी म्हणून घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या, म्हणजे त्या घेतल्याशिवाय कुणी बाहेर पडूच शकत नाही. एकदा सगळं दूध नासल्यावर नीलिमाने काढलेला हा कायदा.

ढोलकीला दोन तोंडं. डावीकडची धुम खोल घुमते आणि उजवीकडची शाई टणकन बोलते. आत्माराम आधी डाव्या हाताने नुसती धुम वाजवायचा. मग ढोलकी उलटी फिरवून, हेडफोनमध्ये स्वतःचीच धुम ऐकत, त्याच डाव्या हाताने शाई वाजवायचा. नीलिमा लॅपटॉपवर दोन्ही एकावर एक बसवायची. डाव्याला उजव्याचं काम शिकवताना आत्माराम त्या बिचाऱ्या हाताला आईबहिणीवरून शिव्या द्यायचा. त्याही रेकॉर्ड व्हायच्या आणि नीलिमा निमूटपणे पुसून टाकायची.

गिटारवर गाणारी मुलं आपली गाणी फोनवर पाठवत, हा ढोलकी भरून परत करी. नाव झालं. 'काकांचा हात काय चालतो' असे मेसेज यायला लागले. आत्माराम ते वाचून खूश व्हायचा आणि लगेच फोन उलटा ठेवायचा. ताकास तूर त्याने कधी लागू दिली नाही.

मग जवळच्याच उत्तन कोळीवाड्यातल्या इव्हानचा फोन आला. त्याची तीन गाणी आत्मारामने अशीच केली होती. चौथं गाणं त्याने आजीवर लिहिलं होतं.

"अंकल, हे क्लिकवर न्हाय बसत," इव्हान म्हणाला. "मी कुठं थांबेन, मला पण म्हाईत न्हाय. आपण समोरासमोर बसू, एका दमात करू."

क्लिक म्हणजे हेडफोनमधली ठरावीक टिकटिक. तिच्याच आधाराने आत्मारामचे दोन डावे हात एकत्र नांदत होते. त्याने सांगितलं, घराला रंग चाललाय. मग पाहुणे आले. मग कंबर धरली. मग पुन्हा रंग. तेव्हा नीलिमाने त्याच्या हातातून फोन घेतला, "बाळा, रविवारी ये," म्हणून पत्ता सांगितला आणि फोन ठेवला.

"तुला कुणी सांगितलं होतं मधे पडायला?" आत्माराम ओरडला.

"अहो, आपण इथे आल्यापासून या घरात कोण आलंय? दूधवाला आणि फिजिओ. मला पण माणसं लागतात." तिने फोन त्याच्या डाव्या हातात दिला. "त्याला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी काही बोलणार नाही."

रविवारी इव्हान आला. खांद्याला गिटार, हातात सुक्या बोंबलांची पिशवी, "मम्मीने दिलेत." त्याने हस्तांदोलनाला उजवा हात पुढे केला. आत्मारामने डाव्या हाताने त्याच्याकडची पिशवीच काढून घेतली आणि ती नीलिमाकडे देऊन आत वळला. नीलिमाने पंखा, फ्रिज बंद केला, किल्ल्या आत टाकल्या.

आत्मारामने डाव्या हाताने उजवा हात उचलून शाईवर नेऊन ठेवला, उशीवर मूल ठेवावं तसा. आज हात दुखतोय, असं सांगायचं त्याने ठरवलं होतं. पण इव्हान डोळे मिटून गायला लागलासुद्धा, आणि सांगायचं राहून गेलं. धुम लागली. जिथे शाई बोलायची तिथे काहीच आलं नाही. इव्हानने डोळे उघडले, त्या निपचित हाताकडे पाहिलं, आणि गाणं न थांबवता पुढच्या ओळीआधी श्वास घेतला. मग प्रत्येक रिकाम्या जागी तो तसाच थांबत गेला. गाणं संपेपर्यंत दोघांना घाम फुटला होता.

"अंकल, मग आधीची तीन गाणी?"

"याच हाताने. दोनदा वाजवून."

इव्हान हसला. "म्हणजे मी दोन माणसांचं काम घेतलं की तुमच्याकडून!" आणि जरा वेळाने म्हणाला, "हे असंच ठेवू या?"

"छे. शाई भरून पाठवतो," आत्माराम म्हणाला.

संध्याकाळी त्याने शाई भरली. क्लिक नव्हती, तरी प्रत्येक बोल जागेवर पडला. आता कुणाला काही कळणार नव्हतं. नीलिमाने गाणं लावलं आणि आत्मारामचा चेहरा उतरला. इव्हान जिथे जिथे श्वास घेत होता, बरोब्बर तिथे शाई टणटण वाजत होती. आजीची आठवण काढणाऱ्या पोराच्या बोलण्यात कुणी मधेच तोंड घालावं, तशी. वाईट गोष्ट अशी, की वाजवलं उत्तम होतं.

नुसती धुम गेली तर उजवा हात गेलाय हे धंद्यातला प्रत्येक माणूस पहिल्या कडव्यालाच ओळखणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने गाणं पुन्हा ऐकलं. आणखी एकदा ऐकलं. नीलिमा माउसवर हात ठेवून बसली होती.

"काढून टाक शाई," तो म्हणाला. त्याला रडू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही.

गाणं इंटरनेटवर आलं. मुलांनी नेहमीसारखे अंगठे आणि बदाम पाठवले. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. पंढरीनाथ.

"आत्म्या, गाणं ऐकलं. उजवा कुठाय?"

'नंतर करतो' अगदी ओठांवर आलं होतं.

"गेला," आत्माराम म्हणाला. "इथे आलो आणि लगेच झटका आला."

"आणि ती आधीची गाणी? त्यात तर दोन्ही..."

"डाव्यानेच."



"मला वाटलं, मीरा रोडला फ्लॅट झाला आणि तुला लालबाग नको झालं," पंढरीनाथ म्हणाला. "बायकोला म्हटलंसुद्धा, आत्म्या मला टाळतोय."

"टाळतच होतो."

"हलकट आहेस."

"आहे."

पंढरीनाथने नाक ओढलं. "पत्ता सांग. लिहून घेतो. रविवारी येतो."

आत्मारामने पत्ता सांगितला, विंग सांगितली, लिफ्ट कधी कधी अडकते तेही सांगितलं. मग त्याने नीलिमाला हाक मारून रविवारी जेवायला कोण येणार ते सांगितलं.