ही सरासरी मी पाठवणार नाही

मंडळी, आज सकाळी माझ्या गाईड सरांना पहिल्यांदाच तोंडावर "नाही" म्हटलं.

मी फुटणाऱ्या ताऱ्यांवर पीएचडी करते. त्यातले काही नेहमीपेक्षा कितीतरी जास्त उजळतात आणि त्यांच्या प्रकाशात हायड्रोजनचा मागमूस नसतो. सगळ्यांना नाव एकच. पण प्रकाश रंगारंगांत फोडून वर्णपट काढला की काहींच्या निळ्या भागात डब्ल्यूसारखी खाच दिसते, काहींत ती नसतेच.

आगरदांड्याच्या घरून ऑनलाइन मीटिंग होती. सर म्हणाले, "किरकोळ फरक आहे. सगळ्यांची सरासरी काढ आणि पेपर पाठव."

मी तिथेच काढून दाखवली. खाच अर्धीमुर्धी आली. म्हटलं, "सर, असा तारा आकाशात एकही नाही. मी हे पाठवणार नाही."

"तू अजून शिकतेयस," म्हणाले आणि मीटिंग बंद केली.

आई बाजूला सुकट निवडत होती. "दोन तऱ्हेचे हायत ना? मग दोनच लिव. रडतेस कशाला?"

मी रडत नव्हते, संतापले होते. लगेच सरांना मेल टाकला: दोन गट राहतील, नाहीतर माझं नाव काढा.

मोठ्यांचा मान राखायला तुम्ही कधी स्वतःच्या डोळ्यांना खोटं पाडलंय? मी पाडायचे. आजपासून बंद.