बाई, तुम्ही खऱ्या कशावरून?

शाळा सांभाळून मी बीएलओचंही काम करते, म्हणजे घरोघरी फिरून मतदार यादीत नावं लावणारी बाई. नाशिककर मला पाणी विचारतात, चहा विचारतात, फक्त विश्वास ठेवत नाहीत! मग किस्से साठणारच.

*

इंदिरानगरच्या एका सोसायटीत आजोबांनी माझं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं. "असली कार्डं हल्ली कुणीही छापतं," म्हणाले आणि माझा फोटो काढून घेतला. मी वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत सगळी दारं बंद!

संध्याकाळी नणंदेने तोच फोटो मला पाठवला. खाली लिहिलेलं, "वहिनी, आमच्या एरियात ही फ्रॉड बाई फिरतेय. अगदी तुमच्यासारखी दिसते हो!"

*

पंचवटीत एका गुरुजींची नात नुकतीच अठराची झालेली. मी तिच्या आजींना म्हटलं, "मुलीचा फोटो आणि जन्मतारीख लागेल."

आजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "देऊ की. आधी सांगा, मुलगा काय करतो?"

*

गंगापूर रोडला एका बांधकामावर सुरगाण्याकडचा वॉचमन बायकोसोबत राहतो. म्हणाला, "मॅडम, इथं नाव लावलं का गावचं राशन जातं. मंग खायाचं काय?"

मी वर्गात शिकवावं तसं समजावलं, की मतदान वेगळं, राशन वेगळं.

"तुमचं नाव कुठं हाय?"

"इथंच, नाशिकला."

"मंग तुमाला राशन भेटतं का?"

"नाही."

"बघा!" तो बायकोकडे वळून म्हणाला.

*

माझा जीव अडकला होता तो मात्र सुनंदात. मूळची नांदगावची, इथे एका दवाखान्यात नर्स. नाव गावच्या यादीत, आणि मतदानाच्या दिवशी नेमकी ड्यूटी! त्यामुळे तिने आजवर एकदाही मत दिलेलं नव्हतं. "मॅडम, रोज लोकांच्या बोटाला सुई टोचते. एकदा माझ्या बोटाला शाई लागू द्या की!"

पण घरमालक काका आडवे आले. "माझ्या पत्त्यावर नाव लागलं की उद्या घरावर हक्क सांगेल!" भाडेकराराची प्रतही देईनात. सुनंदा रडकुंडीला आली, आणि मला तर काकांचा असा राग आला म्हणून सांगू!

पुढे महापालिका निवडणुकीची कुजबुज सुरू झाली आणि काकांच्या पुतण्याने उभं राहायचं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी काका भाडेकरार घेऊन माझ्या शाळेत हजर! "लावून टाका तिचं नाव. पोरगी घरच्यासारखीच आहे."

मी सुनंदाला फोन केला. ती हळूच म्हणाली, "काकांची तब्येत बरी आहे ना?"

नाव लागलं. मतदानाच्या दिवशी काका सकाळपासून केंद्राबाहेर उभे. सुनंदा मत देऊन बाहेर आली तसे तिच्याजवळ जाऊन कुजबुजले, "काय मग? दिलंस ना आपल्याला?"

तिने शाईचं बोट त्यांच्या चष्म्यासमोर धरलं.

"काका, दाखवण्यासारखं एवढंच असतं!"