शेठनं भरलेलं तळं

फुकटचं पाणी घेऊन कोणी दारात आलं, की मला आधी त्याचे पाय बघावेसे वाटतात, सरळ आहेत की उलटे. आत्या म्हणते, माझा स्वभावच संशयी. असेल!

ही आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. महाप्याच्या मागे, डोंगराच्या पायथ्याला आमच्या गावातच राहते. गावच्या तळ्यावर तिचं पोट. तळ्यातले मासे आणि कडेच्या पाणथळीतली नाळीची भाजी घेऊन ती सानपाड्याला माझ्या सोसायटीच्या गेटपाशी विकायला बसते.

तळ्यात पाणी यायचं डोंगरातल्या ओहोळाचं. वर दगडाची क्वारी निघाली आणि ओहोळ आटत गेला. डोंगरावर धो धो पाऊस आणि खाली करंगळीएवढी धार! मग एका वर्षी विसर्जनापुरतंही पाणी उरलं नाही, आणि क्वारीचा शेठ टँकर घेऊन हजर. गावानं त्याला शाल-नारळ दिला, पहिली आरतीही त्याच्याच हातून. तेव्हापासून तळं टँकरवरच. एवढा उदार कशासाठी हा माणूस?

"तुझ्या डोक्यात नुसते किडे," आत्या म्हणाली. "उद्या देव पावला तरी त्याला इचारशील, का रं पावलास?"

यंदा टँकरचा पाइप तळ्यात सोडला तेव्हा मी शेजारीच उभी होते. पाण्याबरोबर दोन मुठे टपकले. मुठे म्हणजे आमच्या ओहोळातले छोटे काळे खेकडे.

"कुठलं पाणी हे?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"बोअरचं, ताई," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

बोअरमध्ये मुठे? चल हट! दुसऱ्या दिवशी मी डोंगर चढले. क्वारीच्या वरच्या अंगाला चर खणून अख्खा ओहोळ खाणीच्या खड्ड्यात वळवला होता. खड्डा तुडुंब, त्यात पंप, आणि पंपापाशी तोच टँकर. आमचंच पाणी चोरून आम्हालाच दान, आणि नारळही आमचाच! असा संताप आला, की उतरताना चप्पल तुटली ते घरी आल्यावर कळलं.

मी तक्रार केली. तेवढ्यात शेठचा डावही कळला. तळ्यावर भराव टाकून त्याला ट्रक उभे करायचे होते. तळं नैसर्गिक असेल तर भराव टाकता येणार नव्हता, आणि ते ठरवायला सरकारी साहेब येणार होते.

आत्याला मी सगळं सांगितलं, खड्ड्याचे फोटो दाखवले. "साहेबांना फक्त ओहोळाचं सांग," असं दहादा बजावलं. तिनं मान डोलावली. पण गणपतीला ज्यानं दिलं, त्याचं नाव पाहुण्यासमोर घ्यायचंच, ही आमच्या गावची रीत. नाव गाळलं तर गावाची लाज जाते.

साहेबांनी विचारलं, "मावशी, या तळ्यात पाणी कुठून येतं?"

आत्यानं पदर सावरला. "शेठ भरतात. देवमानूस हाय. त्यांचे टँकर नसते तर हा तलाव कवाच सुकला असता."

"म्हणजे नैसर्गिक नाही," साहेब म्हणाले.

"अहो, ते पाणी आमच्याच ओहोळाचं आहे! वर चढून बघा तरी!" मी ओरडले. साहेब तोवर गाडीत बसले होते.

आत्या खुशीत टोपली उचलून माझ्याबरोबर निघाली. "बघ, सायबासमोर शेठचा मान राखला," ती म्हणाली. "आता दोन टँकर जास्तच धाडील."